फुल सिंथेटिक टाकू का? सोसायटी ग्रुपवरची शनिवारची चर्चा

शेळके (बी-७०३): मंडळी, गाडी सर्व्हिसला टाकलीय. मारुती, पेट्रोल, २०२२ची. अ‍ॅडव्हायझरचा फोन आला, "सर, या वेळी फुल सिंथेटिक टाकून घ्या, इंजिन फ्लश आणि ऑइल ट्रीटमेंट पण करू." म्हणजे इंजिन आतून धुवायचं आणि ऑइलमध्ये वरून रसायन घालायचं. एस्टिमेट नेहमीच्या दीडपट. दुपारपर्यंत कळवायचंय. काय करू?

पाटील (ए-२०४): फ्लश-बिश काही नको. सरळ नाही म्हण.

जोशी वहिनी (बी-५०१): लिफ्ट परत अडकलीय. कोणी बघतंय का?

सेक्रेटरी: वहिनी, लिफ्टवाला निघालाय. बाकीच्यांनी कृपया गाड्यांसाठी पार्किंगचा ग्रुप वापरावा.

पाटील (ए-२०४): पार्किंगच्या ग्रुपवर तुमच्याशिवाय कोणी बोलतच नाही साहेब 😄

गोखले काका (सी-१०२): आम्ही वर्षानुवर्षं २०डब्ल्यू-५० टाकलं. जाड ऑइल, इंजिन सुरक्षित. हल्लीची ही पाण्यासारखी ऑइलं पुण्याच्या उन्हात काय टिकणार?

साने काका (ए-६०१): शेळके, आधी गाडीच्या पुस्तकात ऑइलचा ग्रेड काय छापलाय ते बघ. मग बोलू.

शेळके (बी-७०३): पुस्तक गाडीतच राहिलं काका. थांबा, पीडीएफ सापडली. ०डब्ल्यू-१६ लिहिलंय.

साने काका (ए-६०१): आणि तो काय टाकतोय?

शेळके (बी-७०३): विचारलं आत्ताच. ५डब्ल्यू-३०, फुल सिंथेटिक. म्हणतो "हे भारी आहे".

साने काका (ए-६०१): म्हणजे इंजिन बनवणाऱ्याने सांगितलं त्यापेक्षा जाड ऑइल, वर जास्त पैसे. अरे ०डब्ल्यू-१६ हे सिंथेटिकच असतं. इतकं पातळ आणि तरी तापल्यावर वाफ होऊन उडून न जाणारं ऑइल साध्या मिनरल बेसमधून (बेस म्हणजे रसायनं मिसळण्याआधीचं मूळ तेल) बनतच नाही. त्याला सांग, पुस्तकात आहे तेच टाक आणि बिलावर ग्रेड लिहून दे. काही पुस्तकांत दुसरा ग्रेडही पर्याय म्हणून छापलेला असतो. तसा असेल तर गोष्ट वेगळी, नसेल तर नाही.

गोखले काका (सी-१०२): पण उन्हाचं काय, साने?

साने काका (ए-६०१): गोखले, उन्हाचा यात फारसा संबंध येत नाही. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला. ०डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. दुसरा आकडा १०० अंशांना ऑइल किती घट्ट राहतं त्याचा. आणि थर्मोस्टॅट इंजिनाचं पाणी नव्वदच्या आसपासच ठेवतो, मग गाडी मे महिन्यात नागपूरला असो की डिसेंबरात महाबळेश्वरला. बाहेरच्या चाळीस अंशांनी आतलं गणित फारसं हलत नाही. तुमच्या जुन्या गाडीच्या बेअरिंगमधली फट मोठी होती, तिला २०डब्ल्यू-५० बरोबरच होतं. आताच्या इंजिनाचा ऑइल पंप आणि व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा पातळ ऑइल धरूनच बनवलेली असते. जाड टाकलं तर ते सकाळी सगळीकडे उशिरा पोचतं, अ‍ॅव्हरेजही थोडं खातं.

गोखले काका (सी-१०२): पटलं असं नाही. पण ऐकलं.

पाटील (ए-२०४): मग "फुल सिंथेटिक" या शब्दाला काही अर्थ आहे की नाही?

साने काका (ए-६०१): आहे, पण डब्यावर तो जेवढ्या मोठ्या अक्षरात असतो तेवढा नाही. आधी सिंथेटिक म्हणजे पीएओ किंवा एस्टर, प्रयोगशाळेतून घडवलेला बेस. मग कच्च्या तेलातूनच हायड्रोक्रॅकिंग करून, म्हणजे हायड्रोजन वापरून रेणू तोडून, काढलेला ग्रुप ३ बेस आला. कॅस्ट्रॉल तो वापरून सिंथेटिक म्हणत होती, मोबिलने अमेरिकेत जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून ग्रुप ३ वालेही बिनधास्त सिंथेटिक लिहितात. आणि हा बेस वाईट नाही हं, उत्तम असतो. फक्त त्या एका शब्दावरून आत काय आहे ते कळत नाही. डबा उलटा करा, मागची बारीक अक्षरं वाचा.

शेळके (बी-७०३): त्यात काय बघायचं?

साने काका (ए-६०१): पेट्रोलला एपीआय एसपी. एपीआय म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था, एसपी हा तिचा दर्जा. हा दर्जा मे २०२० पासूनचा. मार्च २०२५ पासून एसक्यू आलाय, तोही चालतो, कारण नवा दर्जा जुन्याची जागा घेऊ शकतो. तुझ्या ०डब्ल्यू-१६ वर इलसॅक जीएफ-६बी (कार कंपन्यांनी ठरवलेला दर्जा) किंवा त्याच्या पुढचं सापडेल.

मेहता (ए-५०३): माझी टर्बो पेट्रोल आहे. काही वेगळं?

साने काका (ए-६०१): तुम्ही तर एसपीच्या खालचं घेऊच नका. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत कमी आरपीएमला जोर दिला की मिश्रण कधीकधी ठिणगीच्या आधीच पेटतं. ठोका असा बसतो की पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधलं कॅल्शियम डिटर्जंट त्याला हातभार लावतं, म्हणून नव्या ऑइलांत ते कमी करून मॅग्नेशियम वाढवलंय. मिळतंय स्वस्तात म्हणून एसएन या जुन्या दर्जाचा शिल्लक डबा उचलू नका.

कदम (बी-३०३): काका, माझं उलटंच आहे. बीएस-६ डिझेल. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढतंय! मेकॅनिक म्हणतो "चांगलंय, पीत नाही गाडी".

साने काका (ए-६०१): चांगलं नाहीये. रोजचं रनिंग कुठलं?

कदम (बी-३०३): बाणेर ते औंध. मुलाची शाळा आणि बँक.

साने काका (ए-६०१): तेच कारण. सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, काजळी पकडणारी जाळी. भरली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून ती काजळी जाळते. तू मध्येच इंजिन बंद करतोस, काम अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं. त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. म्हणून पातळी वाढते आणि ऑइल पातळ होत जातं. मॅक्सच्या खुणेच्या वर गेलं असेल तर १० हजार किलोमीटरची वाट बघू नकोस, बदल. आणि अधूनमधून हायवेला अर्धा तास एकसारखी पळव.

कदम (बी-३०३): बायकोला सांगतो, लोणावळा डॉक्टरांनीच लिहून दिलंय 😀

साने काका (ए-६०१): सांग. पण ऑइल घेताना एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) सी२, सी३ किंवा सी५, जे पुस्तकात असेल तेच. ही कमी राखेची ऑइलं. काजळी जाळता येते, राख जळत नाही, ती जाळीत बसून राहते. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने ट्रकच्या पिंपातलं डिझेल ऑइल टाकलं, तर तुझ्या खर्चात डीपीएफचे पैसे धर.

नेहा (सी-४०४): सगळे ऑइलवरच बोलताय. फिल्टरचं कोणी नावच काढत नाही.

पाटील (ए-२०४): आल्या मॅडम. पार्किंगमधलं गॅरेज.

नेहा (सी-४०४): हो, आणि म्हणूनच सांगते. माझ्याकडे जुने फिल्टर कापून बघायची खोड आहे. नाना पेठेतून कंपनीच्या नावाचा एक आणला होता, खोका अगदी हुबेहूब. कापला तर कागदाच्या घड्या निम्म्या, एका बाजूचा गोंद सुटलेला. म्हणजे ऑइल गाळलं न जाता बाजूने निघून जात होतं. दोन हजारांचं ऑइल आणि आत दीडशे रुपयांची थाप.

शेळके (बी-७०३): बापरे. मग ओळखायचा कसा?

नेहा (सी-४०४): बाहेरून कठीण आहे. म्हणून अधिकृत पार्ट्सवाल्याकडून बिलावर घ्यायचा, नाहीतर मान, माहले, बॉश यांचा त्यांच्या डीलरकडून. ओरिजिनल महागही नसतो हो, पेट्रोल गाड्यांचा तर अजिबात नाही. पैसे वाचवायची ही जागाच नाही.

नेहा (सी-४०४): आत दोन व्हॉल्व्ह असतात, ते कोणी सांगत नाही. एक इंजिन बंद झाल्यावर ऑइल फिल्टरमध्येच अडवून धरतो. त्याचं रबर हलकं असेल तर उष्णतेने कडक होतं, ऑइल रात्रीत खाली उतरतं आणि सकाळी स्टार्ट केल्यावर क्षणभर खडखड येते. सिलिकॉनचं रबर जास्त टिकतं. दुसरा बायपास. फिल्टर चोंदला किंवा ऑइल फार घट्ट असलं की तो उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट इंजिनात जातं. कोरडं राहण्यापेक्षा घाण ऑइल बरं, एवढाच त्याचा हेतू. डुप्लिकेटमध्ये त्याची स्प्रिंग इतकी लेची असते की तो उघडाच राहतो.

जोशी वहिनी (बी-५०१): नेहा, आमचा मेकॅनिक म्हणतो फिल्टर एक सर्व्हिस सोडून बदलला तरी चालतो.

नेहा (सी-४०४): वहिनी, जुन्या फिल्टरमध्ये घाण ऑइल राहतंच. नव्या ऑइलमध्ये तेच मिसळायचं का? दर वेळी बदला. लिफ्ट सुरू झाली का?

जोशी वहिनी (बी-५०१): झाली एकदाची.

कदम (बी-३०३): आमच्या जुन्या स्विफ्ट डिझेलला तर डबीसारखा फिल्टर नव्हताच, नुसता कागद होता.

नेहा (सी-४०४): हो, ते कार्ट्रिज. टोपण उघडून आतला कागद बदलायचा. त्याबरोबर रबराची ओ-रिंग येते ती बदललीच पाहिजे. मेकॅनिक जुनीच बसवतात आणि मग ऑइल पाझरतं. टोपण प्लास्टिकचं असतं, आवळायचं किती ते बऱ्याचदा त्यावरच कोरलेलं असतं, २५ न्यूटन-मीटर वगैरे. लोक हातभर पाना लावून ओढतात आणि तडा जातो. डबीवाल्याला उलट पाना लावायचाच नाही. रबराला ऑइलचं बोट लावायचं, रबर टेकलं की हाताने पाऊण आटा. आणि जुन्याचं रबर इंजिनाला चिकटून राहिलंय का ते बघायचं. दोन रबरं एकावर एक बसली की सगळं ऑइल रस्त्यावर.

सेक्रेटरी: नेहा, विषय निघालाच आहे तर. पार्किंग नं. २७ चा डाग.

नेहा (सी-४०४): साहेब, तो टेम्पोचा आहे. माझ्याकडे ट्रे आहे. जुनं ऑइल मी डब्यात भरून गॅरेजला देते. ते जुन्या ऑइलच्या अधिकृत रिसायकलरला देतात.

सेक्रेटरी: ठीक. सर्वांना सूचना: जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे. ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं ऑइल परत गोळा करण्याची जबाबदारी आहे.

पाटील (ए-२०४): आणि नव्या ऑइलचे रिकामे डबे भंगारात देताना आडवा काप मारून द्या. तेच डबे भरून परत बाजारात येतात. क्यूआर कोड असेल तर सील फोडायच्या आधी स्कॅन करा.

शेळके (बी-७०३): सगळं खरं, पण बाहेरून ऑइल-फिल्टर आणलं तर वॉरंटी जाईल म्हणतोय अ‍ॅडव्हायझर.

मेहता (ए-५०३): हा माझा विषय. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोकला होता, सुटे भाग आणि सर्व्हिस स्वतःच्या मुठीत ठेवल्याबद्दल. त्याच आदेशात होतं की बाहेरच्या गॅरेजला गेला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. पुढे अपिलं वगैरे झाली. पण चुकीच्या ग्रेडमुळे इंजिन बिघडलं तर मात्र तुम्ही अडकणार. म्हणून ग्रेड बरोबर ठेवा आणि बिलं जपा.

शेळके (बी-७०३): ठरलं. ०डब्ल्यू-१६, ओरिजिनल फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर. फ्लश आणि ट्रीटमेंट रद्द. अ‍ॅडव्हायझर नाराज झाला पण एस्टिमेट खाली आलं 👍

साने काका (ए-६०१): पुढची सर्व्हिस १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. "सिंथेटिक आहे, २० हजार चालवा" म्हणणाऱ्याचं ऐकू नको.

शेळके (बी-७०३): शेवटचं एक काका. डब्यात थोडं उरेल. बुलेटला टाकू?

साने काका (ए-६०१): अजिबात नाही. बुलेटचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो. कारच्या पातळ ऑइलात घर्षण कमी करणारं रसायन असतं, क्लच घसरेल. तिला जासो (जपानी दर्जा) एमए किंवा एमए२ लिहिलेलं लागतं.

शेळके (बी-७०३): आणि हिची अ‍ॅक्टिव्हा?

साने काका (ए-६०१): तिचा क्लच कोरडा, तिला एमबी. पण १०डब्ल्यू-३०. तुझं उरलेलं ०डब्ल्यू-१६ झाकण घट्ट लावून ठेव, टॉप-अपला होईल.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई. पाणी भरून ठेवणे.