शेठ म्हणतात, "हे अँटीव्हायरस तर पोराच्या लॅपटॉपवर आहे, कंपनीला वेगळं कशाला?"

अंबड_आयटी:
मंडळी, नाशिकला अंबड एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणारं युनिट आहे, तिथलं आयटी मी बघतो (आयटी म्हणजे टॅली अडकली तरी मी आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मीच). कस्टमरच्या ऑडिटमध्ये हल्ली एंडपॉइंट सिक्युरिटी (म्हणजे प्रत्येक पीसी-लॅपटॉपचं संरक्षण) विचारतात म्हणून एका नावाजलेल्या अँटीव्हायरसच्या बिझनेस एडिशनचं कोटेशन शेठपुढे ठेवलं, तर नाव बघूनच म्हणाले अरे याचा बॉक्स इथे कॅनडा कॉर्नरच्या दुकानात मिळतो की, तू चौपट पैसे कशाचे लावतोस. वर मागच्या ऑडिटला स्टोअरच्या पीसीवर होम व्हर्जन होतं, ऑडिटर स्टॉक बघतोय आणि कोपऱ्यातून पॉपअप, "तुमचे फॅमिली फोटो सुरक्षित आहेत का? आजच घ्या, निम्म्या किमतीत!" ऑडिटर नुसता हसला, पण रिपोर्टमध्ये बरोबर लिहून गेला. शेठला पटवू कसं? का सरळ दुसऱ्या नावाचं घेऊ?

गोदाकाठ_नेटवर्क:
शेठचं काय चुकलं सांगा? एकाच नावाने घरच्यांना सेल लावून विकायचं आणि त्याच नावाने कंपनीत जाऊन भारदस्त प्रेझेंटेशन द्यायचं, गिऱ्हाईक गोंधळणारच. कंपन्यांनाही ते कळलंय. पुण्याच्या क्विक हीलने २०१५ ला बिझनेससाठी सेक्राइट हे वेगळं नाव काढलं, फिनलंडच्या एफ-सिक्युअरने २०२२ ला बिझनेसची बाजू विथसिक्युअर केली. सिमँटेकने तर २०१९ मध्ये एंटरप्राइजचा धंदा नावासकट ब्रॉडकॉमला १,०७० कोटी डॉलरला विकला, घरगुती राहिलं ते नॉर्टनलाइफलॉक. मॅकॅफीत उलटं, नाव घरगुतीकडे राहिलं आणि एंटरप्राइजवाले फायरआयमध्ये मिसळून ट्रेलिक्स झाले.

सातपूर_डीलर:
भाऊ, नाव बदलून सुटत नाही हो, मी हेच विकतो. नवीन नाव घेतलं की गिऱ्हाईक म्हणतं हे कुठलं, कधी ऐकलं नाही, मग सांगावं लागतं की अमक्या मोठ्या कंपनीचंच आहे, की लगेच "मग तेच द्या ना, स्वस्तातलं". मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरचं तर विचारूच नका, विंडोजमध्ये येतं ते फुकट, आणि डिफेंडर फॉर बिझनेस म्हणून ३०० युजरपर्यंतच्या कंपन्यांसाठी वेगळं पैसे देऊन घ्यायचं, आता हे शेठजींना समजावून दाखवा!
मी आता ब्रोशर काढतच नाही. ट्रायल टाकतो चार-पाच पीसीवर आणि कन्सोल (सगळे पीसी एकाच ठिकाणी दाखवणारी स्क्रीन) उघडून मालकापुढे ठेवतो. कुठल्या पीसीचं अपडेट रखडलंय, सीएनसी मशीनला प्रोग्राम टाकतात त्या पीसीला कोणी पेनड्राइव्ह लावला, सगळं दिसतं. एका मालकांना डिस्पॅचच्या पीसीवर रात्रपाळीत लावलेला पेनड्राइव्ह दिसला, तेव्हापासून किमतीचा विषयच नाही, फक्त कोणी लावला ते शोधत होते.

गोदाकाठ_नेटवर्क:
बरोबर. आणि कोटेशनमध्ये ब्रँड खाली टाका, वर लिहा "सर्व पीसींचं एका जागेवरून नियंत्रण, पेनड्राइव्ह बंद, लॉग (कधी काय झालं त्याची नोंद)". लॉगवर जोर द्या, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे हल्ला झाला तर ६ तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. प्रत्येक पीसीवर सुटं होम व्हर्जन असेल तर तुम्ही काय प्रत्येक टेबलावर जाऊन गोळा करणार?

अंबड_आयटी:
हे आवडलं, पेनड्राइव्हवाला विषय आमच्याकडे आहेच, टूलरूमला गाणी पण त्यावरूनच येतात 😄 ट्रायल लावतो. पण होमची लायसन्स अजून शिल्लक आहेत, शेठ पहिला प्रश्न तोच विचारतील.

सातपूर_डीलर:
बऱ्याच होम लायसन्सच्या अटींत घरगुती वापरापुरतंच लिहिलेलं असतं, ते पान काढून दाखवा. उरलेली स्टाफला घरी टाकायला द्या, आधी डिव्हाइस ट्रान्सफर होतं का बघा. आणि नवीन टाकण्याआधी जुनं पूर्ण काढा, दोन एकत्र राहिले की पीसी रांगत चालतो आणि मग सगळे म्हणतात नवीनच भंगार आहे.