मदत हवी आहे: फ्री जॅझ ड्रमर सनी मरेच्या १९६६च्या अल्बमसोबत ड्रम कसे वाजवायचे?

धागाकर्ता
ईएसपी-डिस्क या रेकॉर्ड कंपनीने काढलेला सनी मरेचा अल्बम सरावाला घेतला आहे. ट्रम्पेटवर जाक कुर्सिल, आल्टो सॅक्सोफोनवर बायर्ड लँकास्टर आणि जॅक ग्रॅहम, बासवर अ‍ॅलन सिल्वा. साधा स्विंग (जॅझचा नेहमीचा ठेका) मिनिटाला २०० मात्रांच्या लयीपर्यंत नीट वाजतो, पण इथे सम सापडत नाही. मोजायला गेलं की डावा पाय आपोआप दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर हाय-हॅट (पेडलने मिटणारी झांजांची जोडी) मिटतो. मोजणं सोडलं की नुसता गोंगाट होतो आणि तीन मिनिटांत मनगट भरून येतं. राइड (ठेका धरायची मोठी झांज) २० इंची, बेस ड्रम १८ इंची, काड्या ५बी मापाच्या. सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १
सम सापडत नाही कारण ती नाहीच. मरेने राइडवरचा ठेका मोडून त्याची सलग थरथर केली. बँडला तो मात्रा देत नाही, आघातांची दाटी कमी-जास्त करून ढकलतो. तेव्हा मोजायची ती दाटी.

पहिला आठवडा डावा पाय पेडलवरून काढूनच ठेवा. ती दुसरी-चौथी मात्रा पायातली सवय आहे, नुसतं ठरवून जात नाही. फक्त राइडवर, काडीच्या टोकाने, हलके सुटे आघात. एका श्वासात विरळपासून दाट, पुढच्या श्वासात परत विरळ. पाच मिनिटं पुरे. मग स्नेअरवर (समोरच्या छोट्या ड्रमवर) डाव्या हाताची घरंगळ, राइडच्या लाटेशी न जुळवता. बेस ड्रम त्यानंतर, तोही कुजबुजीइतकाच. हाय-हॅट सगळ्यात शेवटी.

मनगट भरतं ते काडी आवळल्यामुळे. अंगठा आणि तर्जनीत धरा, बाकीची बोटं सैल, काडीला उसळी सिंबलकडूनच मिळू द्या. ५बी या कामाला जड, हलकी ७ए घ्या.

गोंगाट होतो तो चारही अवयव एकदम दाट झाल्यामुळे. एक दाट असेल तेव्हा बाकीचे विरळ हवेत.

प्रतिसाद २
तबल्याची सवय असेल तर ताल विसरा, लय धरा. ध्रुपदाच्या जोडात (आलापाच्या लयदार भागात) नाही का, आवर्तन नसतं तरी चाल असते.

प्रतिसाद ३
जोडाची उपमा इथे फसवेल. जोडात चाल सारख्या अंतराची असते, त्यावर टाळी देता येते. मरेच्या वादनावर टाळी धरायला गेलात की पाय पुन्हा दोन-चारवर जाणार. त्याआधीचा संथ आलाप जवळचा, श्वासाने चालणारा.

आणि सरावाला हा अल्बम आधी नको. दोन आल्टो आणि ट्रम्पेट एकदम वाजत असताना स्वतःचे ड्रम ऐकू येणं अवघड. मरे ज्यात वाजवतो तो सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरचा १९६४चा ‘स्पिरिच्युअल युनिटी’ घ्या: टेनर सॅक्सोफोन, गॅरी पीकॉकचा बास आणि ड्रम, तिघंच. ‘घोस्ट्स’ ही रचना त्यात दोनदा आहे, एकदा पाचेक मिनिटांचं, एकदा दहाएक. धून गुणगुणता येते. ती मनात चालू ठेवून राइड वाजवा, पण धुनीचे आघात सिंबलवर उतरवू नका. धून चालते, सिंबल तिच्याखालून वाहते. हे एकदा जमलं की दोन्ही पाय जोडा.

धागाकर्ता
७ए घेतो. मरेच्या अल्बमात बास मात्र धड ऐकूच येत नाही. सेटिंग बदलू का?

प्रतिसाद १
बास बूस्ट बंद करा, त्याने बेस ड्रमची गुरगुर वाढते आणि सिल्वा आणखी बुडतो. हेडफोनवर आवाज कमी ठेवा आणि ५ किलोहर्ट्झच्या वर तीनेक डेसिबल उतरवा, म्हणजे सिंबलचा पडदा पातळ होतो. सिल्वा बरंच गजाने वाजवतो, त्यामुळे ठोक्यांऐवजी घासण्याचा आवाज शोधा. मध्येच कण्हल्यासारखा सूर आला तर तो रेकॉर्डिंगचा दोष समजून फिल्टर लावू नका. वाजवताना मरे तोंडाने तसा आवाज काढतो, आणि दाटी कुठे वाढते आहे हे त्यावरूनही कळतं.