गो-गो संगीताचे मूळ कशात शोधावे?

धागाकर्ता:
वॉशिंग्टन डी.सी.च्या गो-गो संगीताला ‘फंकची (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ठेकेदार नृत्यसंगीताची) स्थानिक शाखा’ म्हणून मोकळे होण्याची रीत पडली आहे. मला हे वर्णन तोकडे वाटते. सत्तरच्या दशकात डिस्कोची लाट आली आणि क्लबमालकांना मोठ्या वाद्यवृंदापेक्षा एकटा डीजे स्वस्त पडू लागला. डीजेची एक तबकडी दुसरीत मिसळत जाई, त्यामुळे नाचणाऱ्यांना उसंत नसे. वाद्यवृंदाचे गाणे मात्र संपले की मंडळी आपापल्या जागी जाऊन बसत. गायक-गिटारवादक चक ब्राउन आणि त्यांच्या ‘सोल सर्चर्स’ या संचाने यावर काढलेला तोडगा असा, की गाणे संपले तरी ड्रम, काँगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) आणि काउबेल (धातूची घंटा) थांबवायचे नाहीत, त्या तालावर श्रोत्यांना हाळी देऊन त्यांच्याकडून प्रत्युत्तर घ्यायचे आणि ताल न मोडता पुढच्या गाण्यात शिरायचे. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्यामध्ये गजर चालू राहतो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की येथे हळूहळू तो गजरच मुख्य कार्यक्रम झाला. माझ्या मते गो-गोचा जन्म दोन गाण्यांमधल्या या जागेत झाला आणि म्हणूनच ते ध्वनिमुद्रिकेत पुरते उतरत नाही.

प्रतिसाद १:
डिस्कोची स्पर्धा अमेरिकेच्या सगळ्याच शहरांत होती. ओहायोतील डेटनमध्ये तर फंकचे नामांकित संच होते, तरी तेथे गो-गो जन्मले नाही. ताल अखंड का ठेवला, हे आपल्या मांडणीतून कळते. तो ताल असा का वाजतो, हे कळत नाही. साठच्या दशकात चक ब्राउन ‘लॉस लॅटिनोस’ या लॅटिन अमेरिकी धाटणीच्या संचात गिटार वाजवत होते आणि माझ्या मते खरा धागा तेथे सापडतो. फंकचे आद्य गायक जेम्स ब्राउन यांच्या संगीतात समेवरचा आघात सर्वांना बांधून ठेवतो, आणि काँगा असलाच तर तो सजावटीपुरता असतो. गो-गोमध्ये काँगा, टिंबाली आणि रोटोटॉम ही तालवाद्ये ड्रमसेटच्या बरोबरीने बोलतात. ड्रमरने मोकळे सोडलेले घर काँगावाला भरतो आणि काउबेल दोघांना धरून ठेवते. या गुंफणीलाच तेथील वादक ‘पॉकेट’ म्हणतात. हॉर्न (ट्रम्पेटसारखी फुंकवाद्ये) आणि गिटार फंककडून आले, हे मान्य; पण ती वरची वस्त्रे आहेत.

प्रतिसाद २:
वरील दोन्ही मते मला पटत नाहीत, कारण दोन्हींत झोलाचा, म्हणजे ‘स्विंग’चा, उल्लेख नाही. गो-गोची एक मात्रा चार भागांत मोडली, तर ते चार भाग सारख्या अंतराचे नसतात. दुसरा आणि चौथा किंचित मागे रेंगाळतात. लॅटिन नृत्यसंचांत काँगाचे ठोके बहुधा सरळ पडतात, तेव्हा हा झोल तेथून आला असे म्हणणे अवघड आहे. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांच्या 1975 मधील ‘मिस्टर मॅजिक’चा ठेका आपण उचलला आणि तो लहानपणी चर्चमध्ये ऐकलेल्या तालाशी जुळणारा होता, असे चक ब्राउन यांनी स्वतः सांगितले आहे. तो ठेका ज्यांच्या हातून घडला, ते सोल सर्चर्सचे ड्रमर रिकी वेलमन पुढे जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या संचात गेले, हेही अकारण नाही. ब्राउन यांनी वॉशिंग्टनमध्येच जन्मलेल्या जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांची जुनी स्विंग रचना गो-गोच्या ठेक्यावर घेतली आहे. ती ऐकताना कोठेही ओढाताण जाणवत नाही, कारण मुळात दोन्हींची चाल एक आहे.

प्रतिसाद ३:
माझा आक्षेप ‘ध्वनिमुद्रिकेत उतरत नाही’ या विधानाला आहे. ब्राउन यांचे ‘बस्टिन लूज’ 1979 मध्ये, तर ई.यू. या संचाचे ‘डा बट’ 1988 मध्ये अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. शिवाय कार्यक्रमाच्या मिक्सरमधून थेट उतरवलेल्या ‘पी.ए. टेप’ शहरभर विकल्या आणि वाटल्या जात. ते ध्वनिमुद्रण नव्हे तर काय? अडचण यंत्राची नव्हती. तास-तासभर चालणारा ताल रेडिओसाठी चार मिनिटांत कापला गेला, हे खरे दुखणे आहे.

धागाकर्ता:
पी.ए. टेपचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्या टेपवर वस्त्यांची नावे पुकारलेली ऐकू येतात, गर्दीचे उत्तर ऐकू येते; म्हणजे ज्या प्रसंगातून हे संगीत उभे राहते, तो प्रसंगच तेथे टिपला आहे. 2019 मध्ये वॉशिंग्टनच्या शॉ भागातील एका मोबाइलच्या दुकानाबाहेर वर्षानुवर्षे वाजणारे गो-गो तक्रारीमुळे बंद झाले, तेव्हा लोक घरी टेप ऐकत बसले नाहीत. ते रस्त्यावर उतरले, चौकात संच वाजले, आणि 2020 च्या फेब्रुवारीत गो-गोला शहराचे अधिकृत संगीत ठरवणाऱ्या कायद्यावर महापौर म्युरिएल बाउझर यांनी सही केली. झोलाबद्दलचा मुद्दा मी मानतो. परंतु तोच झोल एलिंग्टन यांच्याकडे असताना ते गो-गो नव्हते, याचे उत्तर चर्चमध्ये मिळत नाही.

प्रतिसाद १:
मग वॉशिंग्टनच्याच बॅरी फार्म वस्तीतील ‘जंक यार्ड बँड’कडे पाहावे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ही मुले प्लॅस्टिकच्या बादल्या आणि डबे बडवून रस्त्यावर वाजवत. हाताशी महागडी वाद्ये नव्हती, क्लबमधली रात्र नव्हती, डीजेशी स्पर्धा नव्हती. तरी येणारेजाणारे ते गो-गो म्हणूनच ओळखत होते. आपण म्हणता तो प्रसंग वजा करूनही काय उरले, तर आघातांची परस्परांत बसलेली वीण. त्या विणीत चर्चचा झोल आहे, हे मी प्रतिसाद २ यांच्याकडून स्वीकारतो. पण ती अनेक हातांत वाटून देण्याची पद्धत काँगावाल्यांचीच आहे.