मदत हवी आहे : मेलबर्नमधील माजी सैनिकासाठी कम्युनिटी हाउसिंगचे घर आणि त्यासाठीचा सरकारी निधी

नमस्कार. मी मेलबर्नमध्ये राहतो आणि एका गोदामात हिशेबाचे काम करतो. तिथे सहा वर्षे माझ्याबरोबर काम केलेले एक गृहस्थ ऑस्ट्रेलियन लष्करातील माजी सैनिक आहेत. १९९९ मध्ये पूर्व तिमोरला गेलेल्या आंतरराष्ट्रीय फौजेत ते होते. आज त्यांचे वय ५८ आहे. पाठ आणि गुडघे साथ देईनात म्हणून मागच्या वर्षी त्यांनी काम सोडले, त्यानंतर घरमालकाने घर विकायला काढले, आणि सध्या ते एका ओळखीच्या माणसाच्या गॅरेजमध्ये झोपतात. ती सोयही महिनाअखेरपर्यंतच आहे. स्वतःसाठी काही मागणे त्यांना जमत नाही, म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी इथे विचारत आहे.

संघराज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये १० अब्ज डॉलरचा ‘हाउसिंग ऑस्ट्रेलिया फ्युचर फंड’ स्थापन केला. त्याच्या गुंतवणुकीच्या परताव्यातून पहिल्या पाच वर्षांत ३०,००० सामाजिक आणि परवडणाऱ्या घरांना पाठबळ द्यायचे ठरले, आणि त्याच योजनेत बेघर असलेल्या किंवा बेघर होण्याच्या बेतात असलेल्या माजी सैनिकांची घरे व त्यांच्यासाठीच्या सेवा यांकरिता ३ कोटी डॉलर राखून ठेवले गेले. हे वाचले तेव्हा मला वाटले की आपले काम झाले, आता फक्त अर्ज भरायचा. परंतु अर्ज शोधायला बसलो तेव्हा कळले की ही रक्कम कोणा एका माणसाला मिळत नाही. ती घरे बांधणाऱ्या आणि सेवा पुरवणाऱ्या संस्थांना अनुदान म्हणून जाते. मग ज्याच्या नावाने हा निधी ठेवला आहे त्या माणसाने नेमके कोणाकडे जायचे, हाच माझा मुख्य प्रश्न आहे.

आमच्या व्हिक्टोरिया राज्यात सरकारी घरे आणि कम्युनिटी हाउसिंग (म्हणजे ना-नफा संस्थांनी भाड्याने दिलेली घरे) या दोन्ही प्रकारच्या घरांसाठी ‘व्हिक्टोरियन हाउसिंग रजिस्टर’ ही एकच यादी आहे, एवढे मला समजले आहे. त्या यादीत प्राधान्याचे वेगवेगळे गट आहेत. ‘होमलेस विथ सपोर्ट’ (बेघर असून मदत-संस्थेचा आधार असलेल्यांसाठी) हा एक गट आहे आणि ५५ वर्षांवरील अर्जदारांसाठी एक वेगळा गट आहे. वयाने ते दुसऱ्या गटात सहज बसतात, पण ज्याच्या डोक्यावर स्वतःचे छप्परच नाही त्याने पहिल्या गटातून अर्ज करणे योग्य नव्हे का? एकदा चुकीच्या गटात अर्ज गेला तर तो पुढे बदलून घेता येतो का? आम्ही एका संस्थेत समक्ष गेलो होतो, तेव्हा तिथल्या बाईंनी आपुलकीने ऐकून घेतले आणि दुसऱ्या संस्थेचा पत्ता दिला. त्या दुसऱ्या संस्थेने आम्हाला पुन्हा पहिलीकडे पाठवले. परतताना ते गाडीत एक शब्दही बोलले नाहीत.

दुसरी शंका पैशांची आहे. त्यांना बेकारभत्ता मिळतो आणि सेवेत झालेल्या दुखापतींबद्दल माजी सैनिक विभागाकडून, म्हणजे डीव्हीएकडून, नुकसानभरपाई मिळते. १ जानेवारी २०२२ पासून ही भरपाई संघराज्याच्या भत्त्यांसाठी उत्पन्न म्हणून धरली जात नाही. मात्र घर देणारी संस्था भाडे ठरवताना ती धरते का? कम्युनिटी हाउसिंगमध्ये भाडे उत्पन्नाच्या प्रमाणात ठरते आणि ‘रेंट असिस्टन्स’ची, म्हणजे भाड्यासाठी मिळणाऱ्या सरकारी साहाय्याची, रक्कम त्यात मिळवली जाते, त्यामुळे या एका मुद्द्यावर त्यांच्या हातात महिन्याला किती उरेल हे अवलंबून आहे. ज्यांनी असा करार प्रत्यक्ष पाहिला आहे त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

मी बेघरांना मदत करणाऱ्या एका संस्थेत काम करते. आपण वर्णन केलेल्या परिस्थितीत ‘होमलेस विथ सपोर्ट’ हाच गट आधी तपासावा, परंतु तो अर्ज मदत-संस्थेमार्फत जावा लागतो. आपण दोघांनी घरी बसून भरून तो पुढे सरकणार नाही. पहिल्याच भेटीत ‘हे लष्करात होते’ असे स्पष्ट सांगा. जुलै २०१७ पासून आमच्या क्षेत्रातील संस्थांच्या नोंदीत त्यासाठी वेगळा रकाना आहे, पण अनेक माजी सैनिक स्वतःहून सांगत नाहीत आणि तो रकाना रिकामा राहतो. ज्या संस्थांना माजी सैनिकांसाठीचे अनुदान मिळते त्यांच्यापर्यंत त्यांचे नाव जाण्याची सुरुवात तिथूनच होते.

आणखी एक गोष्ट घराइतकीच महत्त्वाची आहे. तिमोरमधील सेवा युद्धसेवा म्हणून नोंदली गेली असेल, तर त्यांना ६० व्या वर्षी, म्हणजे सर्वसाधारण वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाच्या सात वर्षे आधी, ‘सर्व्हिस पेन्शन’ मागता येते. शरीर कायमचे कामास असमर्थ ठरले असेल तर त्याआधीही अपंगत्वाच्या आधारे तिचा अर्ज करता येतो, आणि तिच्याबरोबर भाडेसाहाय्य डीव्हीएकडूनच मिळते. भाड्याच्या हिशेबात भरपाई धरतात का, हे संस्थेगणिक बदलू शकते, म्हणून करारावर सही करण्यापूर्वी हिशेबाचा तक्ता लेखी मागून घ्या.

धागाकर्त्याचे उत्तर

आपले मनापासून आभार. त्यांना आत्ताच फोन केला. दोन्ही संस्थांत ते लष्करात होते हे आम्ही सांगितलेच नव्हते. कोणी विचारले नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. सेवेची कागदपत्रे एका पत्र्याच्या पेटीत आहेत, ती मी आज संध्याकाळी आणतो आणि सोमवारी त्यांच्याबरोबर पुन्हा त्या पहिल्या संस्थेत जातो. अपंगत्वाच्या आधारे पेन्शनचा अर्ज करताना नेहमीच्या डॉक्टरांचा अहवाल पुरतो, की डीव्हीए स्वतःच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेते, एवढे कोणाला ठाऊक असल्यास सोमवारच्या आत कळवावे, म्हणजे डॉक्टरांची वेळही त्याच आठवड्यात घेता येईल.