मदत हवी आहे: मँटू टेस्ट निगेटिव्ह, तरी टीबीची गोळी का?

नमस्कार मंडळी, माझ्या मामाला एचआयव्ही आहे, एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू आहे आणि सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) १८० वरून आता ५२० वर आलाय. मँटू टेस्टला (टीबीसाठी हाताच्या त्वचेत सुई टोचून करतात ती) गाठ अजिबात आली नाही, खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन कमी होणं यातलं काहीच नाही, तरी एआरटी सेंटरवर ६ महिने आयसोनियाझिड (टीबी होऊ नये म्हणूनची गोळी) आणि सोबत बी६ ची गोळी दिलीये. घरात सगळ्यांना वाटतं विनाकारण औषध नको.

मी थोडं वाचलं, तर छुप्या टीबीच्या (अंगात असून त्रास न देणाऱ्या) जंतूंना फुफ्फुसात कोंडून ठेवायचं काम सीडी४ पेशी करतात आणि एचआयव्ही नेमक्या त्याच मारतो, शिवाय मँटूची गाठही याच पेशींमुळे येते म्हणे, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी असली तर जंतू असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. हे मला पटलं.

पण सीडी४ ५०० च्या वर गेल्यावरही धोका उरतो का? नवीन पेशी टीबीला ओळखतात की फक्त आकडाच वाढतो? आणि या गोळ्यांमुळे मामाला लिव्हरचा त्रास होऊ नये म्हणून कशावर लक्ष ठेवू? कोणी डॉक्टर किंवा काउन्सेलर असाल तर प्लीज सांगा, मामाने गोळ्या मध्येच सोडायला नकोत.