लिब्रेऑफिस रायटर : ओव्यांच्या पुस्तिकेसाठी अक्षराचा आकार, मराठी ल-श आणि ताणलेल्या ओळी (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझी आई ७९ वर्षांची आहे. तिच्या आईकडून आणि आत्याकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या तिने एका दोनशे पानी वहीत उतरवून ठेवल्यात. वहीची पानं कडेने तुटायला लागली, म्हणून गेल्या दिवाळीपासून मी त्या लॅपटॉपवर टाइप करतेय. ३४० झाल्या, सत्तरेक उरल्यात. ऐंशीव्या वाढदिवसाला पुस्तिका छापून तिच्या हातात द्यायची आहे. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे १८ पॉइंटचा टाइप हवाच.

विंडोज १०, लिब्रेऑफिस रायटर, इनस्क्रिप्ट कीबोर्ड, फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी.

अडलंय ते असं. एफ११ दाबून स्टाइल्स (मजकुराच्या मांडणीचे साचे) उघडते, डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलमध्ये आकार १८ करते, ओके म्हणते. इंग्रजी आकडे मोठे होतात, मराठी मजकूर १२ चा १२ च राहतो. सगळं सिलेक्ट करून वरच्या पट्टीतून १८ केलं, तर फाइलच्या शेवटी नवीन ओवी लिहिताना कधी १८ येतं, कधी १२.

दुसरं, ल आणि श. मी चार पानांची प्रिंट काढून आईला दाखवली. तिने ‘लेक’ या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘‘हा ल हिंदीतला आहे गं. आपण असा काढत नाही.’’ खरंच, दंडाचा ल आलाय आणि श सुद्धा तसाच. शिवाय जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ आहे, ती वेगळीच.

तिसरं, ओवीची पहिली ओळ संपली की मी शिफ्ट-एंटर दाबते. तसं केलं की ओळीतले चार शब्द पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणले जातात. मधे बोटभर जागा. ओवी वाचताना जी लय यायला हवी ती डोळ्यांना सापडतच नाही.

कृपया सांगा. ३४० ओव्या पुन्हा हाताने नीट करायला वेळ नाही, दीड महिना उरलाय.

प्रतिसाद १

ताई, आकार आणि ल-श या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. रायटर लॅटिन लिपीचा मजकूर आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा मजकूर वेगवेगळा धरतो. स्टाइलच्या फॉन्ट टॅबमध्ये ‘वेस्टर्न’ आणि ‘कॉम्प्लेक्स’ (काही आवृत्त्यांत ‘सीटीएल’) असे दोन भाग असतात. तुम्ही १८ केलंत ते वेस्टर्नमध्ये. तेच दुसऱ्या भागात करा. तो भाग दिसत नसेल तर टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्समध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर खूण करा.

तिथेच भाषाही निवडता येते. ती बहुधा हिंदी असणार, मराठी करा. आधी टाइप केलेल्या मजकुरालाही मराठी लावा. सगळा सिलेक्ट करून कंट्रोल-एम दाबा, म्हणजे हाताने लावलेलं फॉरमॅटिंग निघून सगळं स्टाइलच्या ताब्यात येईल. कुठे मुद्दाम ठळक-तिरपं केलं असेल तर तेही जाईल, म्हणून आधी फाइलची प्रत ठेवा.

नोटोमध्ये दोन्ही रूपं आहेत. मजकूर मराठी आहे असं सांगितलं की तो फॉन्ट पाकळीचा ल आणि शेंडीफोड्या श देतो. राज्य शासनाच्या २००९ च्या लिपीविषयक निर्णयातही हीच रूपं आहेत. आईंनी अगदी बरोबर ओळखलं. तरी नाहीच आलं तर ‘तिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉन्ट घ्या. त्यात मराठी रूपं मुळातच आहेत, आणि छापील पुस्तकाला तो शोभतोही.

लाल रेघांसाठी मराठी शब्दकोशाचं एक्स्टेंशन लागेल, पण ओव्यांची बोली त्याला कळणार नाही. या फाइलपुरती तपासणी बंदच ठेवा.

प्रतिसाद २

ताणलेल्या ओळींचं कारण म्हणजे तुमचा परिच्छेद जस्टिफाय, म्हणजे दोन्ही कडांना भिडवलेला आहे. पद्य कधीही जस्टिफाय करू नये. ‘ओवी’ नावाची वेगळी पॅराग्राफ स्टाइल करा आणि अलाइनमेंट डावीकडे ठेवा. दोन ओव्यांमध्ये रिकामा एंटर नको, स्टाइलमध्येच खालचं अंतर द्या. टेक्स्ट फ्लो टॅबमध्ये परिच्छेद न तोडण्याची खूण करा, म्हणजे अर्धी ओवी या पानावर आणि अर्धी पुढच्या पानावर असं होणार नाही. मी वडिलांचे अभंग असेच लावले होते.

ओळींमधलं अंतर ठरवायला ‘फिक्स्ड’ निवडू नका. वरच्या मात्रा आणि रफार कापले जातात. ‘अ‍ॅट लीस्ट’ घ्या.

मूळ लेखिका

दोघांचे मनापासून आभार! सगळ्या ओव्या एका झटक्यात १८ च्या झाल्या. ल आणि श आईच्या हातचे वाटावेत असे आले. ‘ओवी’ स्टाइल केली, आता पान बघत बसावंसं वाटतं.

एक उरलंय. सासऱ्याच्या ओव्या एकत्र लावायच्या आहेत. ‘सासऱ्या’ शोधलं तर नऊच सापडतात. डोळ्यांना तर त्याहून जास्त दिसतात, अक्षरही अगदी सारखं.

प्रतिसाद १

अर्ध्या र चा घोळ आहे. सगळ्या ओव्या तुम्हीच टाइप केल्यात का?

मूळ लेखिका

नाही, सुरुवातीच्या शंभरेक भाचीने मोबाइलवर केल्या.

प्रतिसाद १

मग तेच. तुम्ही इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबून ऱ घेता, मग हलन्त आणि य. भाचीच्या कीबोर्डने साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह घातलं असणार. पडद्यावर दोन्ही सारखे, पण शोधताना दोन वेगळे शब्द. भाचीच्या ओवीतला ‘र्‍या’ तसाच कॉपी करून फाइंड अँड रिप्लेसच्या वरच्या चौकटीत डकवा, खालच्या चौकटीत तुमचा ‘ऱ्या’ टाइप करा आणि रिप्लेस ऑल. ‘र्‍यां’ साठी पुन्हा एकदा. वऱ्हाड, कुऱ्हाड असतील तर ‘ऱ्हा’ साठीही.

मूळ लेखिका

झालं! सासऱ्याच्या २३ निघाल्या. ‘वऱ्हाड’ चारदा आलंय, तेही बदललं. आज संध्याकाळी आईकडे जाऊन उरलेल्या ओव्यांना बसते.