आईचा वाढदिवस जवळ आलाय, तिच्या फेसबुकचं काय करू?

शेंडेफळ:
पुढच्या आठवड्यात आईचा वाढदिवस. ती गेल्यानंतरचा पहिलाच. फेसबुक इमानेइतबारे सगळ्यांना आठवण करून देणार आणि तिच्या वॉलवर 'हॅपी बर्थडे, शतायुषी व्हा' सुरू होणार. ती गेल्याचं तिच्या ऑफिसातल्या जुन्या बऱ्याच मैत्रिणींना कळलेलंच नाहीये. दादा म्हणतो, अकाउंट डिलीट करून मोकळे होऊ. बाबा यावर काही बोलत नाहीत, उठून आत जातात. पासवर्ड त्यांच्याकडे आहे, आईनेच लिहिलेली चिठ्ठी तिच्या चष्म्याच्या डबीत सापडली. रात्री ते तिचे फोटो बघत बसतात. मला त्या शुभेच्छा वाचवणार नाहीत, पण तिचा वाढदिवस कोणाला न कळता निघून जावा असंही वाटत नाही. कोणी यातून गेलंय का?

खटपट्या:
डिलीट अजिबात करू नका, गेलेलं परत येत नाही. फेसबुकला मृत्यूचा दाखला पाठवून अकाउंट 'मेमोरियलाइज' करून घेता येतं. नावाच्या वर 'रिमेंबरिंग' असं येतं, फोटो-पोस्ट राहतात आणि वाढदिवसाची आठवण जाणं थांबतं. पण एकदा ते झालं की पासवर्ड असूनही कोणालाच लॉगिन करता येत नाही. म्हणजे बाबांचं रात्रीचं बसणं आधी लक्षात घ्या. त्यांच्या स्वतःच्या अकाउंटवरून तिचं पान दिसेल, मेसेज मात्र दिसणार नाहीत. आधी सगळा डेटा डाउनलोड करून ठेवा.
आणि तिचे फोटो गूगलवर असतील तर तेही काढून घ्या. 2 वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं. याची आठवण कोणालाच राहत नाही.

उंबरठा:
माझं मत वेगळं. वाढदिवस त्या माणसाबरोबर संपतो, नंतर उरते ती पुण्यतिथी. माणूस नाही आणि वाढदिवस चालू, हे मला ओढूनताणून वाटतं. मदर्स डेचं मूळसुद्धा पाहा. तो दिवस अमेरिकेत सुरू करणाऱ्या अ‍ॅना जार्विसची आई मे 1905मध्ये गेली. मे महिन्यातला दुसरा रविवार अ‍ॅनाने धरला तो त्या दिवसाच्या आसपासचा म्हणून. 1908च्या पहिल्या कार्यक्रमाला तिने आईच्या आवडीची पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली होती.

सावळी:
@उंबरठा, त्याच अ‍ॅना जार्विसने पुढे फुलं आणि कार्डं विकणाऱ्यांशी आयुष्यभर भांडण मांडलं, तेही सांगा की!
पुण्यतिथीला मला फक्त आयसीयूचं दार आणि सह्या करायचे कागद आठवतात. त्या दिवशी आई नसतेच, आजारपण असतं. वाढदिवसाला ती सापडते. आई शब्दकोडी सोडवायची, पेनाने, आणि चुकलं तर उत्तर पटत नाही म्हणून समासात वाद घालायची. 'हे उत्तर छापणाऱ्याचं चुकलंय' असं तीनदा अधोरेखित केलेलं एक पान माझ्याकडे आहे. तिच्या वाढदिवसाला आम्ही बहिणी फोनवर एक कोडं सोडवतो. भांडण होतंच.
शेंडेफळ, तुझ्या जागी मी असते तर आदल्या दिवशी तिच्या वॉलवर स्वतःच्या नावाने लिहिलं असतं: आई गेली, उद्या तिचा वाढदिवस आहे, शुभेच्छांऐवजी तिची एखादी आठवण लिहा. ऑफिसातल्या बायकांकडे तुला ठाऊक नसलेलं बरंच काही असेल.

शेंडेफळ:
@सावळी, हे सुचलंच नव्हतं. बाबांना विचारलं. म्हणाले, "फोटो मी निवडतो." निवडला तोही तिला न आवडणारा, डोळे अर्धे मिटलेला. दादाची हरकत नाही, फक्त डिलीटचा विषय त्याने पुढे ढकललाय.
@खटपट्या, डेटा डाउनलोडला लावलाय. तिचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज माझ्या फोनमध्ये आहेत, प्रत्येकाची सुरुवात "हं, चालू झालं का हे?" अशी. फोन बदलायचाय, ते कसे काढू?

खटपट्या:
त्या चॅटमध्ये 'एक्सपोर्ट चॅट', मग 'मीडियासह'. खूप जुनं चॅट असेल तर सगळं एका दमात येत नाही. मग एकेक मेसेज दाबून धरून शेअर करा आणि स्वतःला मेल करा. फोन बदलायच्या आधी दुसरीकडे वाजवून बघा.